दोन अन्नपूर्णा

"दोन वर्षांच्या बदलीला कुणी देव नेतं का?" शरदिनीबाई पुटपुटल्या. म्हटलं तर समोरच्या ताम्हनाशी, म्हटलं तर शेजारी बसलेल्या सुनेशी.

ताम्हनातल्या दोन पितळी अन्नपूर्णा हिमानी आळीपाळीने उचलून बघत होती. दोन्ही बोटभर उंचीच्या, मांडी घातलेल्या, हातात आडवी पळी. एक सासूबाईंनी लग्नात माहेरून आणलेली, एक तिने. दोन्ही एकाच साच्यातल्या, कारण सोयरीक पक्की करायला हिमानीची आई नागपूरहून आली, तेव्हा तिनेही इथे काशीतच, ठठेरी बाजारात, ही खरेदी उरकली होती.

गेल्या आठवड्यापर्यंत काही प्रश्न नव्हता. चौतीस वर्षांच्या आंघोळींनी शरदिनीबाईंच्या देवीचं नाक पार सपाट झालं होतं. हिमानीच्या देवीला नाक होतं. मग हिमानीच्या नवऱ्याने, विश्वेशने, दोघींना एकाच पिशवीत घालून उजळायला नेलं, आणि पितळकाम करणाऱ्या ओळखीच्या कसेऱ्याने कौतुकाने दोघींचे नाकडोळे नव्याने कोरून दिले. आता दोघी टवटवीत दिसत होत्या, आणि कोण कुणाची ते कळत नव्हतं.

"सरका जरा," म्हणत बिंदुमाधवराव स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आले. संस्कृत शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, पण प्रयोगावर त्यांची श्रद्धा होती. "जी जास्त झिजली, ती हलकी. साधी गोष्ट."

एक सहा ग्रॅमने हलकी भरली.

"ही बघ, ही तुझी," त्यांनी बायकोला सांगितलं.

"पण बाबा, माझी आतून पोकळ होती," हिमानी म्हणाली. "ती तशीही हलकीच असणार."

दोघी उलट्या करून पाहिल्या. दोघीही पोकळ होत्या.

"खरं म्हणजे तत्त्वतः पाहिलं तर देवी एकच—"

"तुम्ही तो काटा जागेवर ठेवून या आधी," शरदिनीबाई म्हणाल्या.

दारात विश्वेश हिमानीची बॅग धरून उभा होता. ऑटो गल्लीत येत नाही, चौकापर्यंत चालत जायचं होतं. "दोनों एक जैसी तो हैं," तो म्हणाला. अवघडला की तो हिंदीत शिरायचा. "कोई भी ले लो."

हिमानीने त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा ताम्हनाकडे.

बॅग जड होती. तिच्यात लग्नातला शालू होता, कॉलेजपासूनची सगळी सर्टिफिकेटं होती. बँकेतली ही बदली तिने स्वतः अर्ज करून मागून घेतली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. विश्वेश आठ महिने बाहेरच्या खोलीत झोपत होता, हेही. पण बोलताना सगळे 'बदली' एवढंच म्हणत. बिंदुमाधवराव तर बालाजी घाटावर भेटेल त्याला सांगत सुटले होते, जरा जास्तच मोठ्याने.

हिमानीने दोन्ही मूर्ती कोरड्या केल्या आणि देवघरातल्या तांदळाच्या दोन वाट्यांत पुन्हा बसवल्या.

"राहू देत, आई. दोन्ही इथंच राहू देत. नेईन नंतर कधीतरी."

"हे बरं केलंस!" बिंदुमाधवरावांचा चेहरा एकदम उजळला. "तिकडे भाड्याच्या खोलीत कुठे ठेवणार होतीस? देव आपले घरात बरे."

विश्वेशने बॅग खाली ठेवली. "मग दिवाळीला येशील तेव्हा..." या वेळी तो मराठीत बोलला.

शरदिनीबाईंनी मान वळवून लेकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. दोघांचे चेहरे सारखेच दिसत होते. त्यांनी हात लांब करून एक अन्नपूर्णा वाटीतून उचलली, कुठली ते बघितलं नाही. देवी रिकामी देऊ नये म्हणून वाटीतले तांदूळही फडक्यात ओतले. फडक्याला गाठ मारली, ती सैल वाटली म्हणून पुन्हा सोडून घट्ट मारली, आणि पुरचुंडी सुनेच्या मांडीवर ठेवली.

"आई, अहो, ही तुमची निघाली तर?"

"निघू दे."

"पण मी म्हटलं ना, नंतर—"

"हिला इथे ठेवून गेलीस, तर हे दोघं सणासुदीला दाराकडे बघत बसतील. मीही बसेन." शरदिनीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "तू परत येणार नाहीयेस, हिमानी."