युफोनियमसाठी एक गाणं

“सूर सगळे बरोबर आहेत रे,” पोटाशी धरलेला पितळी युफोनियम मांडीवर टेकवत म्हातारा हर्बर्ट म्हणाला. “पण तुझी आई हे गायची कशी, ते कागदावर कुठंय? म्हणून दाखव.”

विल्निसने हातातले सुरांचे कागद सारखे केले. तालमीच्या खोलीत बसलेली सगळी माणसं एकाच गिरणीतली. तोही दिवसभर त्यांच्याबरोबर लोकर विंचरायचा आणि गिरणी सुटल्यावर त्यांच्या बँडसाठी चाली बसवून द्यायचा. प्रार्थना, मार्च, नाचाच्या धुना. इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये आल्यापासून त्याने दुसऱ्यांचीच गाणी पितळी वाद्यांवर चढवली होती. आज पहिल्यांदा स्वतःचं आणलं होतं. लाटव्हियात धारा काढताना आई म्हणायची, ते. युद्धात गाव सुटलं, मागे सरहद्द बंद झाली. आई आहे की नाही, तेही कळलं नव्हतं.

“मला गाता येत नाही,” तो म्हणाला.

“आम्हाला तरी कुठं वाजवता येतं!” मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

हशा ओसरल्यावर तो गायला. शब्द कोणालाच कळत नव्हते. दुसऱ्या ओळीवर त्याचा आवाज अडला, तेव्हा बँडमास्तर ॲक्रॉइड खिडकीबाहेर बघू लागले.

मग हर्बर्टने युफोनियम उचलला. लोकरीच्या धुळीने त्याची छाती पार कामातून गेली होती. ओळ संपायच्या आतच त्याला दम घ्यावा लागे. तरी त्याने असं वाजवलं, की शेवटचा सूर विरला आणि खोलीत कोणी हललं नाही.

“बागेतल्या कार्यक्रमात शेवटी हेच,” ॲक्रॉइड नाक शिंकरत म्हणाले. “आता हे आपल्या बँडचं गाणं झालं, विल्निस. काय?”

“हो. तुमचंच.”

चढण चढून घरी जाताना तो मनातल्या मनात ते गाणं म्हणू लागला. आईचा आवाज आला नाही. युफोनियम आला. ओळ संपायच्या आत थांबला, दम घेतला, पुढे गेला. विल्निसने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा हर्बर्टच.

दगडी बांधापाशी तो उभा राहिला. आईचं आणखी काय उरलंय? दिवस कलला की ती दारातून त्याला लाडाच्या नावाने हाक मारायची, कुरणाच्या पलीकडे पोचेल अशी. ती हाक त्याने कुठल्याच वाद्यासाठी लिहिली नव्हती. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले.

“विल्नीऽऽत!”

चरणाऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. परसात वाळलेले कपडे काढणारी शेजारची मिसेस हेग बांधावरून डोकावली.

“एवढ्या मोठ्यानं कोणाला बोलावताय हो?”

“पोराला,” तो म्हणाला. “जेवायची वेळ झाली. कधीचा बाहेर आहे.”