खिळ्यावरचा बिल्ला

शिलाईच्या कारखान्यात साऱ्या बायकांना मिळून लघवीला जायचा बिल्ला एकच. खिळ्यावर असला तर उठायचं, नसला तर मांड्या आवळून मशीन चालवायचं. नोकरी सुटली, तरी सासूबाई घरातही बाथरूमपाशी ताटकळायच्या. “आई, आत कुणी नाही, जा ना!” मी करवादायचे. “बिल्ला कुठाय?” त्या ओशाळून विचारायच्या. शेवटी मीच डब्याचं लाल झाकण दाराशेजारच्या खिळ्याला अडकवलं. ते घेऊन त्या निर्धास्त जायच्या. थट्टेथट्टेत आम्हालाही तीच सवय लागली. पण वर्षानुवर्षं तुंबवून त्यांची मूत्रपिंडं कामातून गेली होती. काल त्या वारल्या, तेव्हा झाकण मुठीतच होतं. बोटं सुटेनात, तसंच त्यांच्याबरोबर जाऊ दिलं. आज सकाळी नवरा बाथरूमच्या उघड्या दारासमोर अवघडून उभा. “अरे, जा ना!” त्याने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. “आई येऊ दे.” मीही त्याच्यामागे उभी राहिले.