देवमाणसाची पाळी

“अरे, अजून इथेच? तिकडे बायको अडलीय आणि तू वाफेचा काटा बघत बसलायस? सूट आधी!”

बॉयलरची आग सांभाळणाऱ्या फायरमनने दचकून मागे पाहिलं. बॉयलरखोलीच्या दारात देवमाणूस उभा होता, घामाघूम. त्याची पाळी दोनला सुरू व्हायची आणि आत्ता कुठे एक वाजत होता. कापड रंगवायच्या त्या कारखान्यात सगळे त्याला देवमाणूसच म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. फायरमन तेवढा त्याला भाऊ म्हणायचा.

“भाऊ, पाळी द्यायचीय अजून.”

पाळी द्यायची एक रीत होती. जाणाऱ्याने शिडी चढून बॉयलरच्या डोक्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलायचा. वाफ फुस्सकन सुटायची. येणाऱ्याने ती स्वतःच्या कानांनी ऐकायची आणि मगच वहीत सही करायची. वाफ जास्त झाली की हाच व्हॉल्व्ह आपोआप उडतो, म्हणून माणसं जिवंत घरी जातात. आज तो उडणार नव्हता. वाफ कमी पडते म्हणून रंगमास्तर सकाळपासून शंख करत होता, आणि व्हॉल्व्ह तर वेळेआधीच उडत होता. शेवटी फायरमनने त्याची दांडी तारेने करकचून बांधून टाकली होती. पाळी संपायच्या आत सोडू, कुणाला पत्ता लागणार नाही, असा बेत.

हा उद्योग त्याने दुसऱ्यांदा केला होता. गेल्या महिन्यात साहेबांनी रंगेहाथ पकडलं, तेव्हा देवमाणसानेच हात जोडले होते. “एवढी चूक पदरात घ्या साहेब. पुन्हा केलं तर त्याच्याबरोबर मलाही काढा.”

“दिलीस पाळी, असं समज,” देवमाणूस म्हणाला आणि त्याने काही न ऐकताच सही ठोकली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. “माझी सायकल बाहेर आहे, घेऊन जा. पळ!”

भाऊ, दोन मिनिटं थांबा, वर तार आहे. एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की नोकरी गेली, आणि तीही पोटचं पोर जन्माला येतंय त्याच दिवशी. देवमाणूस आग बेतानेच ठेवतो, संध्याकाळी येऊन गुपचूप सोडू, अशी मनाची समजूत घालत तो निघाला. भित्र्या माणसाला समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई घाईघाईने बाहेर येऊन सांगून गेल्या. नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळली गेलीय, ठोके मंदावलेत.

फायरमन भिंतीला टेकून खाली बसला. तार आपण आवळली आणि फास त्या जिवाला बसला, असंच त्याला वाटलं. करावं तसं भरावं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण भरायला दुसऱ्यालाच बसवतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. माझं काय वाटेल ते कर, त्याला सोड, असं तो पुटपुटत राहिला. फोन त्याने दोनदा खिशातून काढला आणि दोनदा परत ठेवला.

चारच्या सुमाराला दार उघडलं. सासूबाई रडत-हसत बाहेर आल्या.

“मुलगी! धडधाकट आहे! डॉक्टरांनी हात टेकले होते हो. तुमची पुण्याई कामाला आली.”

फायरमन ढसाढसा रडला. डोळे पुसता पुसता त्याला एकदम हलकं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. म्हणजे वरचा बघत नाही. नाहीतर बघतो आणि सोडून देतो. आपण उगाच घाबरलो. त्याने बॉयलरखोलीचा नंबर लावला. आधी आनंदाची बातमी सांगू, मग जमलं तर ते दुसरं.

“मुलगी झाली, भाऊ!”

“वा रे पठ्ठ्या! दोघी सुखरूप ना?” देवमाणूस भिंतीवरच्या फोनमध्ये ओरडून बोलत होता. मागून बॉयलरची घरघर येत होती, रोजच्यापेक्षा जड. “तुला सांगत नव्हतो, चांगल्याचं चांगलंच होतं? बरं, ऐक. रंगमास्तरने चार यंत्रं बंद केलीत. आग कमी केली तरी काटा लाल रेघेच्या वरच चाललाय, आणि व्हॉल्व्ह काही उडत नाही. सकाळी नीट होता ना रे?”

फायरमनने तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी दुपट्यात गुंडाळलेली पोर त्याच्या मोकळ्या हातावर ठेवली. तिने एक डोळा किलकिला केला.

“नीट होता,” तो म्हणाला.

“मग अडकला असेल. थांब, फोन ठेवू नकोस. वर चढून बघतो जरा. नाव काय ठेवायचं ते आल्यावर बोलू.”

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लोखंडी शिडीवर चपलांचा. एक पायरी. दुसरी. तिसरी.

“भाऊ!” फायरमन किंचाळला. “अहो भाऊ! भाऊ! भाऊ!”

पोर दचकून रडायला लागली. नर्स तरातरा धावत आली. “अहो, हळू! दवाखाना आहे हा!”

बाकावर बसलेल्या एका म्हातारीने हसून तिचा हात धरला.

“ओरडू दे गं त्याला. मुलगी झालीय, भावाला कळवतोय.”