पाडलेल्या बुरुजाची सावली

२००६ सालची गोष्ट. पांढरकवड्याजवळचा पडका टेहळणी बुरूज पाडून, जागा साफ करून इंदूबाईच्या नवऱ्याने तिथे कापसाची पराटी लावली. वेचणीच्या दिवसांत शेजारी विहीर खणताना माणसाची हाडं निघाली. शेकडो वर्षांपूर्वीची आहेत म्हणत सरकारी माणसं ती पेटीत भरून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कापूस वेचताना इंदूबाईच्या अंगावर गार सावली पडली. त्याच बुरुजाची. सावलीच्या माथ्यावर एक माणूस उभा होता.

"शीला, तुले बी दिसते काय वं?" तिने जावेला विचारलं.

"दिसते ना, बाई. हात हालवून राह्यला थो. पळा म्हनते वाटते."

दोघींनी शेतापलीकडच्या जंगलाकडे पाहिलं. कोणीच येत नव्हतं. तरी सावलीतला हात जिवाच्या आकांताने हलत होता.

मग तो थांबला. दोन्ही हातांनी डोकं झाकून माणूस खाली बसला.