शेळीसाठी कुंपण

"तार ओढ गं, जोर लाव!" आमचे हे ओरडले. मी तार ओढली, खांब हलला आणि हातोडी खिळ्याऐवजी ह्यांच्याच अंगठ्यावर बसली.

हा सगळा खटाटोप शेजारच्या पेडणेकरबाईंच्या शेळीपायी. तिने आमची जास्वंद पुन्हा फस्त केली, तेव्हा ह्यांनी बाईंना भर रस्त्यात सुनावलं, "आता असं कुंपण घालतो, की तुमची शेळी आमच्या अंगणाकडे बघणारसुद्धा नाही!"

"घाला की," बाई शांतपणे म्हणाल्या. "खांबांना माझ्या शेवग्याच्या फांद्या न्या. नाहीतरी छाटायच्याच आहेत."

फुकट म्हटल्यावर ह्यांचा राग निम्म्यावर आला. कुंपण उभं राहिल्यावर सुजलेल्या अंगठ्याने तारेवर टिचकी मारत म्हणाले, "बघ, त्यांच्याच लाकडाने त्यांची शेळी अडवली. याला म्हणतात डोकं!"

श्रावणात त्या डोक्याला, म्हणजे खांबांना, पालवी फुटली. शेवगाच तो, कुठेही खोचा, जगतो. शेळी लगेच हजर. पुढचे पाय तारेवर देऊन तिने एकेक खांब ओरबाडला, तिच्या भाराने तार लोळली आणि जेवणानंतरचं गोड खावं तशी तिने जास्वंद खाल्ली.

"बाई, तुमच्या शेळीने आमचं कुंपण खाल्लं!" हे किंचाळले.

"अगोबाई!" बाई म्हणाल्या.

आता ह्या कुंपणाचं रक्षण करायला बाहेरून आणखी एक कुंपण घालायचं ह्यांनी ठरवलंय. बाई सकाळपासून शेवगा छाटतायत.