वेचणी

पुन्हा जिन्यात चपला वाजल्या आणि सुलभानं पुन्हा चहाचं आधण चढवलं. काय करणार? घर बघायला आलेल्या माणसाला कोरडं कसं धाडायचं! तिच्या स्वतःच्या लग्नाआधी झाले नसतील एवढे दाखवण्याचे कार्यक्रम या घराचे झाले होते. रोज झाडा, पुसा, मोरीतला डाग बादलीआड लपवा आणि हसून दार उघडा. जीव अगदी मेटाकुटीला आला होता तिचा.

घर तसं नाव ठेवण्याजोगं नव्हतं. लढाईच्या आधी उभी राहिलेली सोसायटी, हातभर रुंद भिंती, सागवानी दारं. खाली पारशी, समोर व्होरा, वर सिंधी आणि मधे हे खानदेशी बिऱ्हाड. इतकी वर्षं भांड्याला भांडं लागलं तरी कुणी कुणाला परकं म्हटलं नाही. पण सुलभाच्या नवऱ्याची, अशोकची, बँकेनं सुरतेहून मुंबईला बदली केली, आणि तिथं मिळाली एक खोली. त्या खोलीत नवरा-बायको आणि दोन मुलं कशीबशी मावणार होती. फुई मावणार नव्हती.

फुई म्हणजे अशोकच्या वडिलांची बहीण, भागीरथीबाई. अमळनेरकडची. सारा जन्म कपाशीच्या रानात गेला. नवरा गेला, मग भाऊही गेला, तेव्हा अशोकनं तिला सुरतेला आणली. आता परत गावी भटूकडे धाडायचं ठरत होतं. भटू हा अशोकचा धाकटा भाऊ. त्यानं "चार दिवस ठेवीन" एवढंच कबूल केलं होतं. पुढचं पुढं! आणि हे फुईला सांगायचं कुणी, तिथं तर घोडं पेंड खात होतं.

त्यात सुरतेच्या भाषेनंच त्यांची लाज राखली. गुजरातीत वेचणं म्हणजे विकणं. पहिलं गिऱ्हाईक दारात उभं राहून "घर वेचवानुं छे ने?" म्हणालं, तेव्हा फुईनं गॅलरीतून विचारलं, "काय वेचाले येतस व माय ह्या लोके?"

थकलेल्या सुलभाच्या तोंडून निघून गेलं, "घर वेचायला, फुई. सोसायटीतली घरं बघतात, आवडेल ते वेचून घेतात."

"हां," फुई म्हणाली. कापूस वेचण्यात हयात गेलेली बाई, तिला ते पटलं असेल. रात्री अशोक म्हणाला, "बरं झालं. राहू दे तसंच. शेवटी काय ते सांगू." तो शेवट काही येत नव्हता, आणि येऊ नये असंही सुलभाला मधून मधून वाटायचं.

आज जरीवाला शेठ-शेठाणी आले होते. शेठनं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली, मान मागं टाकून छताचा कोपरा न् कोपरा पाहिला. "रेलमां पाणी क्यां सुधी आवेलुं?" तापीच्या पुराला इथं रेल म्हणतात. सुलभानं खाली वाकून जिन्याच्या तळच्या पायऱ्या दाखवल्या. शेठचं समाधान झालं.

शेठाणी हिंडत हिंडत गॅलरीत गेली. तिथं खाटेवर फुई बसलेली.

"अने फोई? ए तो तमारी साथे ज आवशे ने?"

फुई तुमच्याबरोबरच येणार ना, या प्रश्नावर सुलभानं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. फुई दोघींच्या तोंडाकडे बघत होती.

"पाक्कुं!" आतून शेठची हाक आली. ठरलं. शेठाणी तयारीनिशीच आली होती. तिनं पिशवीतून डबी काढली आणि गोळधाणा वाटला. सौदा गोड व्हावा म्हणून गूळ आणि धणे. चिमूटभर तिनं फुईच्याही तळहातावर ठेवला. थोडे धणे फरशीवर सांडले.

"आवजो," म्हणत ती माणसं जिना उतरली. सुलभा दार लावून तशीच टेकून उभी राहिली. सुटलो एकदाचे, असं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र काहीच नाही, नुसते पाय दुखत होते. आता सांगायलाच हवं, असं मनाशी म्हणत ती गॅलरीत गेली.

फुई खाटेखालून गाठोडं ओढत होती. दोन लुगडी, तांब्या, देवीचा टाक. गाठोड्यावर धूळ साचली होती. रोज घर झाडणाऱ्या सुलभानं फुईच्या खाटेखाली कधी केरसुणी घातलीच नव्हती. तिथं कोण बघायला येणार होतं?

"हे काय, फुई?"

"मन्हं मी वेची लिधं, माय."

माझं मी वेचून घेतलं! सुलभाचाच शब्द परत आला होता. तिनं विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"पयल्याच दिनले." फुईचा आवाज शांत होता, त्यात राग नव्हता. "वेचनारा मानूस खाले वाकस. ह्या तं समदा वर दखेत." तिनं तोंडातला गूळ गिळला. "आते माले कोठे धाडतस, तेवढं सांग."

 सुलभा खाली वाकली आणि फरशीवर सांडलेले धणे एकेक करून वेचू लागली.