डब्यातले टोळ

टोळाचा एक पाय चिमट्यात राहिला आणि टोळ उडी मारून निसटला. लुलवाने चिमटा कचऱ्याच्या डब्यावर झटकला, पण पाय सुटेना. त्याचे काटे चिमट्याच्या खाचांत रुतले होते. तिने नाक मुरडलं.

"आई, आधी फ्रिजमध्ये ठेव म्हटलं होतं ना!" फोनच्या पडद्यावर मिशारी हसत होता. तो आयर्लंडला शिकायला गेला, आणि त्याने पाळलेल्या दोन ठिपकेदार पाली तिच्या गळ्यात पडल्या. "दहा मिनिटं गारठले की हलत नाहीत. मग निवड, मग पावडर लाव."

"जेवणाच्या फ्रिजमध्ये? हे?"

"दिवसभर लोकांचं रक्त नि थुंकी तपासतेस, आणि टोळाला घाबरतेस?"

"घाबरत नाही. किळस येते. त्यात फरक आहे."

प्रयोगशाळेतला नमुना निमूट नळीत राहतो. हे टोळ तिच्याकडे बघत होते. त्यांचे जबडे आडवे हलत, आणि गाजर कुरतडताना ओला कागद फाटल्यासारखा आवाज येई. टोळांच्या डब्याच्या भिंतींना काळी विष्ठा चिकटली होती. टाकलेली कात पायांसकट, डोळ्यांसकट तशीच लटकत होती. तरीही लुलवा सगळं नियमाने करायची. दोन दिवस टोळांना गाजर, धुतलेला पाला आणि कोंडा द्यायचा, कारण त्यांच्या पोटात असेल तेच पालीच्या पोटात जाणार. पालीच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, त्याहून जाड टोळ घ्यायचा नाही. मग कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचा. आज मात्र अर्धे टोळ पंख फुटून बोटाएवढे झाले होते. पालींच्या दृष्टीने ते वाया गेले होते.

फोन ठेवून तिने डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सरकवला. तिथे बाबांच्या वाट्या होत्या. मासे-भात, गव्हाची मटण घातलेली लापशी, दुधात कुस्करलेला खजूर. प्रत्येक वाटीतला एखादा चमचा कमी झालेला, एखादीतला तोही नाही. दुऐज, तिचे वडील, चार दिवस जेवले नव्हते. घास पुढे केला की ओठ घट्ट मिटत. "सिस्टर, घेऊन जा हे," एवढंच म्हणत. वर्षभर ते तिला नर्स समजत होते.

पुन्हा फोन वाजला. या वेळी डॉक्टर होते. ती बाहेरच्या खोलीत गेली.

"उद्या सकाळी घेऊन या. आता नाकातून नळी घालावीच लागेल."

"ते ओढून काढतील."

"म्हणूनच हात बांधावे लागतील."

लुलवाने वाद घातला. दुसरा उपाय विचारला, मग आणखी एक दिवस मागितला. "आज पोटात काही गेलं तर बघू," असं म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला. ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तेवढ्यात वास आला. उकळत्या मिठाच्या पाण्याचा, आणि त्याखाली कोलंबीच्या सालींचा, कुजक्या गवताचा.

फ्रिजचं दार सताड उघडं होतं. बाबा झग्याच्या बाह्या वर सारून शेगडीपाशी उभे होते. पातेल्यात पिवळट फेस दाटला होता आणि त्यात पाय तरंगत होते. डबा रिकामा होता.

"बाबा! ते पालींचं आहे!"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. एके काळी थंडी पडली की अख्खं कुवेत बाजारातून खायला टोळांची पोती आणायचं. ते दिवस त्यांच्या डोक्यातून पुसले गेले असतील, पण हातांतून नाही. त्यांनी लालसर झालेले टोळ झाऱ्याने ताटलीत काढले आणि टेबलाशी बसले. पहिल्याचं डोकं पिळून ओढलं. त्याबरोबर आतड्याचा काळा दोरा बाहेर आला. तो त्यांनी ताटलीच्या कडेला पुसला, पंख उपटले, पाय मोडले आणि उरलेलं तोंडात टाकलं. कुरकुर असा आवाज आला.

 लुलवाने ताटली ओढायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला. बाबा चावत होते. गिळत होते. दुसरा. तिसरा.

एखादा नमुना तपासावा तसा तिने विचार केला. टोळ पाळीव आहेत, औषधाचा फवारा नाही, पाला धुतलेला, पाणी खळखळ उकळलेलं. अडवायला कारण एकच होतं, तिची स्वतःची किळस.

चौथा. पाचवा. सहावा.

मग बाबांनी एक फुगीर पोटाचा टोळ उचलला, नीट साफ केला आणि पलीकडच्या कडेला ठेवला. बोटं पुसली. हात मांडीवर घेतले.

"अजून खा ना," ती म्हणाली. "पातेल्यात पुष्कळ आहेत."

"नको, सिस्टर."

"निदान हा तरी. सोलून ठेवलाय की."

"ती अंडीवाली मादी आहे. माझ्या लुलवाची." त्यांनी दाराकडे पाहिलं. "येईल आता शाळेतून. नाक मुरडेल, ओकाऱ्या काढेल, सतरा नाटकं करेल. पण तिच्या तोंडात ही गेल्याशिवाय मी पुढचा घास घेत नाही."

ती अंडी पातळ कातडीतून दिसत होती, भाताच्या शितांसारखी पिवळी, दाटीवाटीने भरलेली. लुलवाच्या घशाशी आलं. तिने ते गिळलं, खुर्ची ओढली आणि त्यांच्या अगदी समोर बसली.

"सुटली शाळा, बाबा," ती म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.